तरुण मुलाच्या हाती गाडी देताना : विम्याचे पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत



मूल अठरा वर्षांचं होऊन जळगावला किंवा धुळ्याला कॉलेजात जाऊ लागलं, की घरात गाडीचा विषय निघतोच. त्यासोबत प्रश्न येतो विम्याचा. "पोरगा लहान आहे, मग विमा महाग पडेल का?" असं पालक विचारतात. सोप्या भाषेत समजून घेऊ.

1. हप्ता कशावर ठरतो?

ब्रिटनसारख्या देशात तरुण चालकाला जास्त हप्ता भरावा लागतो. तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. आपल्याकडे हप्ता प्रामुख्याने गाडीवर ठरतो. त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे, त्याचा दर सरकार ठरवतं आणि त्यात चालकाचं वय बघत नाहीत. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण यावर ठरतो. मुंबई, पुणे यांसारखी आठ मोठी शहरं 'अ' विभागात येतात. जळगाव, धुळे 'ब' विभागात असल्याने इथे हा भाग थोडा स्वस्त पडतो.

2. इंजिन पाहून गाडी घ्या

1 जून 2022 पासून लागू झालेले थर्ड पार्टीचे वार्षिक दर पाहा (जीएसटी वेगळा):

- मोटारसायकल 75 ते 150 सीसी : 714 रुपये
- मोटारसायकल 150 ते 350 सीसी : 1,366 रुपये
- मोटारसायकल 350 सीसीच्या वर : 2,804 रुपये
- कार 1000 सीसीपर्यंत : 2,094 रुपये
- कार 1000 ते 1500 सीसी : 3,416 रुपये

वॅगन आर 998 आणि 1197 अशा दोन्ही सीसीत मिळते. नाव एकच, पण थर्ड पार्टीत दरवर्षी 1,322 रुपयांचा फरक. पोरांना बुलेट हवी असते, तिचा हप्ता 125 सीसीच्या गाडीच्या जवळपास दुप्पट. ही बचत गाडी घ्यायच्या आधीच होते, नंतर नाही.

3. क्लेम करण्याआधी गणित करा

वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. सलग वर्षांप्रमाणे ती 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के होते.

समजा, हा हप्ता 6,000 रुपये आहे. दोन वर्षं क्लेम नाही. तिसऱ्या वर्षी बंपर घासला, खर्च 2,500 रुपये. 1500 सीसीपर्यंतच्या कारला पहिले 1,000 रुपये आपणच सोसायचे असतात. म्हणजे कंपनीकडून फार तर 1,500 मिळतील. पण क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी 35 टक्के, म्हणजे 2,100 रुपये सूट मिळाली असती. ती गेली, आणि शिडी पुन्हा शून्यापासून चढायची. नवा चालक छोटे ओरखडे पाडणारच, ते खिशातून दुरुस्त केलेलं परवडतं. विमा मोठ्या नुकसानीसाठी ठेवावा.

4. तिथी नाही, तारीख लक्षात ठेवा

आपल्या खान्देशात आखाजीच्या मुहूर्तावर खूप गाड्या घेतल्या जातात. 2023 ची आखाजी 22 एप्रिलला होती, 2024 ची 10 मेला. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची मिळते, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. "आखाजीला भरू" म्हणणाऱ्याची गाडी मधले अठरा दिवस त्या संरक्षणाशिवाय फिरली. आणि खंड 90 दिवसांच्या पुढे गेला, तर साठलेला बोनसही जातो.

5. इथे काटकसर नको

- विम्याशिवाय गाडी : पहिल्यांदा 2,000, पुन्हा पकडल्यास 4,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण खरी भीती दंडाची नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, जळगावही सुरत-नागपूर रस्त्यावरच. तिथे कुणाचा जीव गेला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. त्यात शेत जाऊ शकतं.
- लायसन्सशिवाय मूल : अशा वेळी कंपनीने पीडिताला पैसे दिले, तरी ती मालकाकडून वसूल करू शकते. मूल अठराच्या आत असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं असतं, नेहमीच्या स्कूटीचं नाही.
- गाडीची किंमत कमी दाखवणं : हप्ता थोडा उतरतो, पण गाडी चोरीला गेली तर तेवढीच कमी रक्कम मिळते.
- अपघात संरक्षण : पॉलिसीतलं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाचं असतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर ते मुलाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळं संरक्षण मागून घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

6. वर्गात कसं घ्याल?

सहावीच्या शतमानात हे उदाहरण छान बसतं. मुलांना घरच्या पॉलिसीवरून तीनच गोष्टी लिहून आणायला सांगा : मुदत कधी संपते, इंजिन किती सीसीचं, बोनस किती टक्के. पॉलिसी क्रमांक आणि इतर माहिती आणायची नाही. मग फळ्यावर 6,000 चे 20, 35 आणि 50 टक्के काढून घ्या.

शतमान तर पक्कं होईलच. शिवाय ज्या घरात मुदत संपून गेली आहे, तिथे ती गोष्ट त्याच संध्याकाळी पालकांच्या लक्षात येईल.