पंखा फिरत होता, तरीही…

माझा पहिला लिनियर ॲम्प्लिफायर जळाला, तेव्हा पंखा झकास फिरत होता. समोर धरलेला कागद फडफडत होता. आत मात्र वर्षभर पैसे साठवून आणलेला ४सीएक्स२५०बी व्हॉल्व्ह कायमचा गेला होता.

आम्ही हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. ट्रान्समीटरची ताकद वाढवायला असले ॲम्प्लिफायर घरीच बांधतो. हा व्हॉल्व्ह अवघा अडीच इंच उंचीचा. त्याच्या ॲनोडभोवती पातळ पत्र्यांच्या बारीक फटी असतात. २५० वॅट उष्णता सोसायची, तर त्या फटींतून मिनिटाला साधारण ६.४ घनफूट हवा जायला हवी. मी तर संगणकातला, ३० घनफुटांचा पंखा लावला होता!

चूक कळली ती आईमुळे. ती म्हणाली, “अरे, पदरानं वारा घालून चूल पेटते होय? फुंकणी लागते.”

अगदी तेच झालं होतं. पंख्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला. अरुंद फटींपुढे त्याचा जोर संपतो आणि हवा मागे फिरते. मग प्लॅस्टिकची पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तीत कुंकवाचं पाणी भरलं, एक टोक चासीत खुपसलं. हवे होते सुमारे २ सेंटिमीटर. पाणी हललं जेमतेम २ मिलिमीटर!

आता गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर आहे. चासीची प्रत्येक भोकं-फट बुजवली. हवा खालून सॉकेटमधून शिरते आणि चिमणी तिला कंदिलाच्या काचेसारखी थेट ॲनोडकडे नेते. चिमणी नसेल तर हवा बाजूनेच निसटते. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथली हवा थोडी विरळ. म्हणून आकड्यांपेक्षा थोडी जास्तच हवा ठेवली.

झोतात एक पत्र्याची पाकळी टांगली आहे. झोत थांबला की ती स्विच सोडते आणि २००० व्होल्ट तुटतात. (कपॅसिटरमधला भार तरीही उरतोच, हात घालण्याआधी तो उतरवायचा.) ब्लोअर हीटरच्या आधी चालू, बंद मात्र सगळ्यांत शेवटी.

रात्री आई आतून ओरडते, “ती गिरण बंद कर आता!”

“तीन मिनिटं थांब गं,” मी म्हणतो.