सत्त्याहत्तर पंट आणि शून्य गुण

११ नोव्हेंबर १९३९. लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट, मुसळधार पाऊस, मैदानाचा नुसता चिखल. टेक्सास टेक आणि सेंटेनरी या दोन कॉलेजांच्या सामन्यात त्या दिवशी चेंडू ७७ वेळा लाथाडून समोरच्यांच्या हवाली केला गेला. निकाल ०-०.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलात, तर 'फर्स्ट डाउन', म्हणजे पुन्हा चार प्रयत्न. तीन फसले की बहुतेकदा चौथ्यात चेंडू लांब लाथाडून द्यायचा, हा 'पंट'. एका अर्थी ती कबुलीच, की आता आमच्याच्यानं होत नाही. पण त्या दिवशीचे ७७ पैकी ६७ पंट पहिल्याच प्रयत्नात मारलेले होते. ओला चेंडू हातातून निसटणार हे दोघांनाही कळलं होतं. मग तो आपल्यापेक्षा त्यांच्या हातून निसटू दे! उत्तरार्धात तर ओळीनं २२ वेळा फक्त पंट. क्रिकेटमध्ये बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला सलग २१ षटकं निर्धाव टाकली होती, पण इथे दोन्ही संघ नाडकर्णी होते. टेक्सास टेकच्या चार्ली कॅल्हूननं एकट्यानं ३६ पंट मारले, एकूण १,३१८ यार्ड. त्याचा विक्रम आजही अबाधित आहे, आणि पाऊस धरून त्या दिवशीच्या सगळ्या अटी पुन्हा जुळेपर्यंत तो राहीलच.

जवळपास ७७ वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, हेच टेक्सास टेक दुसऱ्या टोकाला पोचलं. पॅट्रिक महोम्सनं ओक्लाहोमाविरुद्ध चेंडू फेकून ७३४ यार्ड मिळवले; धावून काढलेले धरले तर ८१९. दोन्ही संघांची बेरीज १,७०८ यार्ड, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचे नेमके ८५४. तरी टेक्सास टेक ५९-६६ असं हरलं. ७३४ हा आकडा त्याआधी २०१४ मध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेनं गाठला होता. तोही हरला, कॅलिफोर्नियाकडून ५९-६०. शेवटच्या क्षणी अगदी जवळून मारायची किक हुकली. कॉलेज फुटबॉलच्या अव्वल श्रेणीत एका सामन्यात सर्वाधिक यार्ड फेकणारे दोघंही पराभूत! माझ्या मते यात विरोधाभास काही नाही. संघाचा बचाव गळका असला की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला शेवटपर्यंत फेकतच राहावं लागतं.

उलट आयोवा. २०२२ मध्ये या संघानं साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं, तेही एकही टचडाउन न करता, म्हणजे चेंडू एकदाही समोरच्यांच्या गोलक्षेत्रात न नेता: किक मारून मिळवलेला तीन गुणांचा एक फील्ड गोल, बाकीचे चार गुण दोन 'सेफ्टीं'चे. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवलं की सेफ्टीचे दोन गुण मिळतात. २०२३ मध्ये सरासरी यार्डांच्या यादीत आयोवाचं आक्रमण देशात सर्वांत तळाला होतं, सामने मात्र त्यांनी दहा जिंकले. त्या हंगामातला त्यांचा खरा नायक पंटर टोरी टेलर, मूळचा मेलबर्नचा. त्यानं वर्षभरात ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८ पासूनचा विक्रम मोडला. आक्रमण इतकं दुबळं नसतं, तर बिचाऱ्याला इतकी संधी कुठून मिळाली असती?

१९१६ सालचा जॉर्जिया टेक विरुद्ध कंबरलँड सामना २२२-० या निकालासाठी सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच सामन्यात दोन्ही संघांचे फर्स्ट डाउन मात्र शून्य! कंबरलँडला जमेना, आणि जॉर्जिया टेकला गरजच पडेना. दहा यार्ड मोजायच्या आतच टचडाउन.

काही आकडे हिशेबाच्या नियमानं घडतात. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सनं ११ सामन्यांत धावून २,६२८ यार्ड काढले, एका मोसमातला विक्रम. मोसमाअखेरच्या बोल सामन्यात आणखी २२२ काढले, पण तेव्हा बोल सामन्यांतली कामगिरी मोसमात धरत नसत. २००२ पासून धरू लागले. मागचे हिशेब तसेच राहिले. २०२४ मध्ये बॉयसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी या विक्रमाच्या मागे लागला. त्याचे १४ सामने मोजले गेले, बोल सामन्यासकट. तो २,६०१ वर थांबला, २७ यार्ड अलीकडे.