बॉटम फीडर व्हेप म्हणजे काय? सुटा भाग मागवला तरी कायदा लागू

तळहातात मावेल अशी धातूची किंवा प्लास्टिकची डबी. एका बाजूला खिडकी आणि तिच्यातून दिसणारी मऊ बाटली. वर टोपणासारखं काहीतरी फिरवून बसवलेलं. मुलाच्या बॅगेत हे सापडलं, तर घरच्यांना ती पॉवर बँक वाटेल, नाहीतर परफ्यूमची बाटली. खांदा कॉलनीत चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, शाळा आहेत, भाड्याने राहणारे विद्यार्थीही आहेत. त्यामुळे ही वस्तू नेमकी काय आहे, हे इथल्या पालकांनी आणि घरमालकांनी माहीत करून घेतलेलं बरं.

ही 'बॉटम फीडर' व्हेप. शौकीन तिला 'स्क्वॉन्क' म्हणतात.

काम कसं चालतं?

वरच्या टोपणासारख्या भागाला अ‍ॅटमायझर म्हणतात. त्यात धातूच्या तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्यातून कापूस ओवलेला असतो. नेहमीच्या व्हेपमध्ये द्रव वरच्या टाकीत भरलेला असतो. इथे तो खाली, डबीतल्या सिलिकॉनच्या बाटलीत असतो. बाटली दाबली की पोकळ पिनेतून द्रव वर चढतो आणि कापूस भिजतो. बोट काढलं की जास्तीचा द्रव परत खाली ओढला जातो. मग बटण दाबून तार तापवायची आणि निघणारी वाफ ओढायची.

वाफ हा शब्द फसवा आहे. द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तापल्यावर त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि तेच फुप्फुसात जातात. निकोटिनचं व्यसन लागतं आणि वाढत्या वयात ते लवकर जडतं. बाटलीतला द्रव लहान मुलाने गिळला तर विषबाधा होऊ शकते.

खरा धोका बॅटरीत

या प्रकाराचं आकर्षण वेगळंच आहे. तार स्वतः गुंडाळायची, कापूस स्वतः भरायचा. नवशिक्याला हा रेडिओ जुळवण्यासारखा छंद वाटतो. पण यातल्या काही डब्या 'मेकॅनिकल' असतात. म्हणजे बॅटरी आणि तार यांच्यामध्ये एकही चिप नाही, काही बिघडलं तर वीज तोडणारं कोणी नाही.

शाळेतला ओहमचा नियम इथे कामाला येतो. १८६५० नावाचा लिथियम सेल वापरतात. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. पूर्ण चार्ज असताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट. तारेचा रोध ०.२ ओहम भरला, तर प्रवाह २१ अँपिअर. दोन किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. वॅटचा हिशेब वेगळा, पण अँपिअरचा हा भार सोसायचा तो बोटाएवढ्या सेलने. तार गुंडाळताना चूक होऊन रोध निम्म्यावर आला, तर प्रवाह ४२ अँपिअरवर जातो आणि चांगल्या सेलचीही सहनशक्ती संपते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलची तर बातच सोडा. सेलवरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल, तर शॉर्ट सर्किटला निमित्त लागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात व्हेप फुटून एका माणसाचा मृत्यू झाला होता.

'निकोटिन नाही' ही पळवाट नाही

देशात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेने ई-सिगारेट बंदीचा कायदा केला. त्यातली व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. निकोटिन असो वा नसो, नाव आणि आकार कोणताही असो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी फवारा तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्याला बंदी आहे. ती पूर्ण उपकरणाला आहे तशीच त्याच्या कोणत्याही भागाला आहे. म्हणजे 'मी फक्त अ‍ॅटमायझर मागवला' हा बचाव टिकत नाही. परदेशातून पार्सल मागवलं की ती आयात. मित्रांसाठी चार नग आणून दिले की ते वाटप.

पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जागेत साठा ठेवू देणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खोली भाड्याने देणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावं. मात्र मालकाने जाणूनबुजून साठा ठेवू दिलेला असावा लागतो. नुसतं ओढण्यासाठी मात्र या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही आणि 'व्हेप चालते' हा गैरसमज तिथूनच पसरतो.

सिगारेटला शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांची मर्यादा आहे. व्हेपला अंतराचा प्रश्नच येत नाही, ती कुठेच विकता येत नाही. अर्थात राज्यात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं.

घरात सापडली तर?

आधी सेल बाहेर काढा. तो नाणी किंवा किल्ल्यांसोबत ठेवू नका, प्लास्टिकच्या डबीत वेगळा ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. द्रव हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा. मुलाला निकोटिनची सवय लागली असेल, तर ओरडून ती सुटत नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो. समुपदेशक विचारतात अशी एक गोष्ट : सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो? हे मुलाला घरीही विचारता येईल, फक्त आवाज न चढवता.