नवा बंब, जुना जोड

नगरहून मनमाडच्या वाटेला लागून सीना नदीवरचा पूल ओलांडला, की नागापूर लागते आणि त्याच्या अंगालाच औद्योगिक वसाहतीतील पत्र्यांच्या छपरांची रांग सुरू होते. या रस्त्याने घंटा बडवीत जाणारी तांबडी गाडी दिसली, की वयस्क माणसे अजूनही ‘बंब चालला’ असेच म्हणतात. आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण बंब हा मूळचा पोर्तुगीजांचा ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसण्याचा पंप होय. एकाच परक्या शब्दाने आमच्या न्हाणीघरात पाणी तापविण्याचे आणि गावात आग विझविण्याचे असे दोन परस्परविरुद्ध उद्योग पत्करावेत, ही भाषेची एक गंमत आहे. मात्र तांब्याचा बंब बदलला तर घरच्या मंडळींना चार दिवसांत त्याची सवय होते. शहराचा बंब बदलला, त्यातही तो नव्या कारखानदाराकडून आला, तर काय काय बदलते, याचा विचार निविदेच्या कागदांत सहसा सापडत नाही.

एखाद्या मोठ्या महापालिकेने नवे बंब घेतले आणि पुरवठादारही बदलला, ही वार्ता वृत्तपत्रांत येते तेव्हा वाचकाची नजर किमतीवर आणि फार तर छायाचित्रातील चकाकत्या रंगावर जाते. वस्तुतः आपल्याकडे बंब ही वस्तू एका कारखान्यातून जन्मास येतच नाही. टाटा, अशोक लेलँड, आयशर अशांपैकी कोणाची तरी चॅसी यावी, तिच्यावर दुसऱ्याच कारखानदाराने पाण्याची टाकी, कपाटे व शिडी बसवावी, पंप तिसऱ्याचा असावा आणि त्या पंपाला इंजिनाचे बळ मिळावे म्हणून पी.टी.ओ. नावाचा दंतचक्रांचा डबा त्या दोहोंमध्ये जोडावा, अशी ही संयुक्त कुटुंबपद्धती आहे. त्यामुळे ‘कंपनी बदलली’ या दोन शब्दांत कोणता भाऊ वेगळा निघाला, हे प्रथम विचारून घ्यावे लागते. रस्त्यावर येण्याजोग्या वाहनाचा नमुना तपासून दाखला देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमाने ज्या मोजक्या संस्थांना दिला आहे, त्यांपैकी एक, लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई., नगरच्याच दौंड बाजूच्या माळावर वसलेली आहे, ही गोष्ट नगरकरांतही थोड्यांनाच ठाऊक असते. पण दाखला मिळतो तो वाहनाला. त्याच्या पाठीवरचा पंप भर आगीत कसा वागेल, हे त्या दाखल्यात लिहिलेले नसते.

अग्निशामक दले यंत्राच्या बदलाला नाखूष असतात, असा एक जुना आरोप आहे. लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली वाफेवर चालणारा बंब सिद्ध केला, पुढच्याच वर्षी आर्गाइल रूम्सच्या आगीत कडाक्याच्या थंडीने हातपंप गोठून पडले असता तो अखंड चालत राहिला, तरीही पुढे त्या शहराच्या बंबखान्याचा प्रमुख झालेल्या जेम्स ब्रेडवुड याने त्याला आपल्या दलात जागा दिली नाही. मुंबईतही घोड्यांनी ओढलेल्या बंबांचा जमाना चांगला लांबला आणि पहिला मोटारबंब आला तो १९०७ साली. या दिरंगाईला केवळ जुनाटपणा म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ज्या यंत्रावर रात्री दोन वाजता स्वतःचा व सोबत्यांचा जीव टांगायचा, त्याची प्रत्येक कळ ओळखीची असावी अशी इच्छा धरणाऱ्याला मी तरी मागासलेला म्हणणार नाही.

आता पंपाकडे वळू. बंबावरचा पंप अपकेंद्री जातीचा असतो. त्याचे चक्र फिरू लागले की मध्यातून घेतलेले पाणी परिघाकडे भिरकावले जाते आणि त्यातून दाब निर्माण होतो. पण हे चक्र हवा भिरकावू शकत नाही. म्हणून विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी घ्यायचे, तर आधी सक्शन होजमधली हवा काढून टाकावी लागते. याला दलाच्या बोलीत ‘प्रायमिंग’ म्हणतात. हवा काढली की पाणी वर ‘ओढले’ जाते असे आपण म्हणतो, पण ओढणारा तेथे कोणीच नसतो. विहिरीच्या पृष्ठभागावर सगळ्या वातावरणाचा जो भार पडलेला असतो, तोच पाण्याला रिकाम्या नळीत वर ढकलतो. उपसापंप अठरा हातांपलीकडे पाणी का चढवीत नाही, हे कोडे गॅलिलिओने १६३८च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने पाऱ्याच्या नळीने काही वर्षांतच ते सोडविले.

या कोड्याचे उत्तर गावागणिक बदलते, आणि येथेच नगरचा संबंध येतो. समुद्रसपाटीला हवेचा भार पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. मुंबईच्या बंबाला तेवढी पुंजी जन्मतःच मिळालेली असते. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच असल्यामुळे तेथे ती साडेनऊ मीटरांवर येते, म्हणजे पाऊण मीटर वाटेतच गहाळ होते. त्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या हौदातले पाणी ४० अंशांपर्यंत तापले, की त्याची स्वतःची वाफ नळीतल्या पोकळीत घुसून आणखी पाऊण मीटर खाऊन टाकते. उरलेल्यातून नळीचे घर्षण आणि तोंडावरच्या जाळीचा अडथळा वजा घातला, की हातात राहतात कसेबसे सात मीटर. नगर जिल्ह्यातील विहिरींची उन्हाळ्यातली पातळी ज्याने वाकून पाहिली आहे, त्याला सात मीटर हे माप किती तुटपुंजे आहे हे सांगायला नको. पाणी डोळ्यांना दिसते, काठावर लाखो रुपयांचा नवाकोरा बंब उभा असतो, आणि जगातील कोणत्याही कारखानदाराचा पंप ते वर आणू शकत नाही. तेथे पाण्यात सोडण्याचा वेगळा पंपच हवा. किनाऱ्यावरच्या शहरात कसोटीस उतरलेला पंप घाटमाथ्यावरील नगरपालिकेने त्याच तपशिलानुसार मागवावा आणि मग त्याच्या नावाने तक्रार करावी, यात यंत्राचा अपराध नसतो.

दुसरी बाब पंप चालविणाऱ्याच्या कानाची. अपकेंद्री पंपाचा वेग दुप्पट केला तर दाब चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे थ्रॉटल जरासा अधिक फिरला तरी दाब मोठ्या मापाने बदलतो. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षे काम केलेला पंपचालक गेजकडे पाहण्यापूर्वीच इंजिनाच्या आवाजावरून दाब ओळखतो. पण नव्या गाडीच्या पी.टी.ओ.चे दातांचे प्रमाण निराळे असले, तर तोच आवाज निराळ्या दाबाचा निघतो. समजा, २० मिलिमीटर तोंडाचे नोझल सात बारच्या दाबावर चालले आहे. पाणी पुढे उसळते तेवढाच उलटा धक्का ते धरणाऱ्याला बसतो, आणि या स्थितीत तो सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. पंपचालकाच्या अनवधानाने दाब दहा बारवर गेला, तर हाच धक्का ६४ किलोंचा होतो. ओल्या शिडीवर एका पायाचा आधार घेऊन उभ्या असलेल्या जवानाच्या छातीवर अचानक वाढलेले हे १९ किलो, निविदेच्या कोणत्याही रकान्यात मांडता येत नाहीत.

टाकी हे बंबाचे पोट, आणि ते दिसते त्यापेक्षा फार लहान असते. वर सांगितलेल्या नोझलमधून सात बारला मिनिटास सुमारे ७०० लिटर पाणी जाते. साडेचार हजार लिटरांची टाकी साडेसहा मिनिटांत संपते, दोन नळ्या चालविल्या तर सव्वातीन मिनिटांत. पाण्याची आग विझविण्याची शक्ती दांडगी आहे हे खरे. एक लिटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत ते सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता गिळते आणि त्याची वाफ सतराशेपट जागा व्यापून हवेला बाहेर लोटते. तथापि कारखान्याच्या गोदामातील आग साडेसहा मिनिटांच्या बोलीने लागलेली नसते. म्हणून पहिला बंब पोहोचताक्षणीच दुसऱ्याची तजवीज करावी लागते. नगरमध्ये मोठी वर्दी आली, की महापालिकेची गाडी, औद्योगिक वसाहतीची गाडी, प्रसंगी व्ही.आर.डी.ई.ची किंवा एखाद्या साखर कारखान्याची गाडी अशा निरनिराळ्या धन्यांच्या आणि निरनिराळ्या कारखानदारांच्या गाड्या एका आगीभोवती जमतात. त्यांचे पंप वेगळे, बैठक वेगळी, रंगाची छटासुद्धा वेगळी. त्यांना एकमेकींत गुंफणारी वस्तू एकच, ६३ मिलिमीटरचे कपलिंग.

ते जुळले नाही तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने दिला आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तेथे आग लागली, वॉशिंग्टनचे बंब आगगाडीवर चढवून तातडीने आणले गेले, मागाहून फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचेही आले, आणि त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात. पाणी होते, पंप होते, माणसे होती. आट्यांच्या फरकापायी पंधराशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पुढच्याच वर्षी तेथे राष्ट्रीय प्रमाण ठरले; तरी १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्या पेटल्या तेव्हा त्या शहराचे हायड्रंट तीन इंची आणि मदतीस आलेल्यांची कपलिंगे अडीच इंची निघाली! प्रमाण छापून काढणे आणि ते लोखंडात उतरविणे यांत शहाऐंशी वर्षांचेही अंतर पडू शकते.

इंग्लंडातही महायुद्धापूर्वी कपलिंगांचे नाना प्रकार होते, लंडनचे आटे तर सर्वांहून वेगळे. बॉम्बवर्षावात गावोगावचे बंब एकमेकांच्या मदतीस धावू लागले तेव्हा मध्ये बसवायचे अडॅप्टर पेट्या भरभरून वाहावे लागले. ऑगस्ट १९४१ मध्ये सर्व दलांचे एक राष्ट्रीय दल झाले आणि न फिरवता नुसते दाबून बसविण्याच्या अडीच इंची जोडाचा अंमल पक्का झाला. आपण त्यांच्याकडून घेतला तो हाच जोड. भारतीय मानक ९०३ मध्ये त्याची मापे मिलिमीटरांत लिहिलेली आहेत. जर्मनीत याहून चतुर असा, १८८२ साली निघालेला स्टोर्झ नावाचा जोड रूढ आहे. त्यात नर-मादी हा भेदच नाही, कोणतेही टोक कोणत्याही टोकास बसते. युरोपातील गाडी विकत घेताना हा मोह पडण्यासारखा असतो. पण मुंबईने फिनलंडहून ९० मीटर उंचीची ब्राँटो शिडी आणली, तरी तिच्या पायथ्याशी पाणी पोचविणाऱ्या नळ्या भायखळ्याच्या अग्निशामक दलाच्याच राहणार; म्हणून शिडी फिनलंडची आणि कपलिंग मात्र येथलेच, एवढे कलम तरी करारात हवेच.

आपल्या या ६३ मिलिमीटरच्या जोडाची एक गुप्त खुबी आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. नळीतले घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने घटते. त्यामुळे ६३ऐवजी ७० मिलिमीटरची नळी घेतली, तर व्यास नववा हिस्सा वाढतो आणि वाटेत खर्ची पडणारा दाब शेकडा चाळीसने कमी होतो. गंमत अशी, की ही जाड नळी त्याच जुन्या कपलिंगवर बांधता येते. नवा बंब घेण्यास द्रव्य नसलेल्या नगरपालिकेने केवळ नळ्या बदलल्या, तरी जुन्याच पंपाचे पाणी अधिक लांब व अधिक जोमाने पोचेल; पण नळ्यांच्या खरेदीचे उद्घाटन करता येत नाही, ही तिची अडचण असावी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून आठवडाभर देशातील सारी दले प्रात्यक्षिके करतात. अशाच एका प्रात्यक्षिकात मी नागापूरच्या बाजूस उभा होतो. एका वयस्क जवानाने कपलिंगची दोन टोके माझ्या हातांत दिली. अंगावर खरचटलेल्या गनमेटलचा तो अंगठ्याएवढ्या जाडीचा कडा, उन्हाने चांगलाच तापलेला. “साहेब, डोळं मिटून लावा बरं,” तो म्हणाला. मी नर टोक चाचपडत मादीत घातले, ते तिरपे गेले आणि अडकले. पुन्हा घातले, पुन्हा अडकले. त्याने माझा हात धरून ते टोक किंचित उचलले आणि सरळ दाबले, तशी दोन्ही बाजूंचे खटके एकदमच ‘खट्’ करून बसले. “धुरात एवढंच ऐकू येतं,” एवढे बोलून त्याने दोन्ही बाजूंचे कान ओढून जोड सोडविला आणि टोके पुन्हा माझ्या हातांत दिली. मागे दोन गाड्या उभ्या होत्या, एक जुनी आणि एक नव्या बांधणीची. तो जोड कोणत्या गाडीवरचा होता, हे मी विचारले तेव्हा त्याला स्वतःलाही मागे वळून पाहावे लागले.