गोठ्यात येणारा प्रत्येक जण 'डॉक्टर' असतो का? कायदा काय सांगतो, वाचा

वडगाव मावळ : रात्री गाय व्यायला अडली की आपण पहिला फोन कोणाला लावतो? अंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, बहुतेकांकडे एक ठरलेला नंबर असतो. माणूस मोटारसायकलवर येतो, पिशवीतून सुई काढतो, टोचतो, पैसे घेऊन जातो. गावात सगळे त्याला 'डॉक्टर'च म्हणतात. तो खरंच डॉक्टर आहे का, हे विचारायची वेळ येते ती जनावर दगावल्यावर, विम्याचे कागद करताना.

याबाबतचा कायदा म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984. त्याचं कलम 30 सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकालाच जनावरांवर उपचाराचा व्यवसाय करता येतो. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते, आपल्याकडे ती बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. राज्यातली नोंदणी नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद करते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही नोंदणी माणसाची असते. लोणावळ्यात कोणी 'पेट क्लिनिक'ची चकचकीत पाटी लावली, आत कुत्र्यांची अंघोळ आणि कटिंग झकास होत असली, भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा कागद टांगलेला असला, तरी त्याने उपचाराचा हक्क मिळत नाही. शॉप अ‍ॅक्टचा कागद दुकानापुरता. आत सुई कोण मारतो, त्याची नोंदणी आहे का, एवढंच बघायचं.

मग पदविका झालेल्या पशुधन पर्यवेक्षकांचं काय? राज्य सरकारने परवानगी दिली असेल तर त्यांना प्राथमिक सेवा देता येतात : लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकारने ठरवून दिलेले इतर उपचार. पण तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. श्रेणी-2 च्या दवाखान्यांत हेच लोक वर्षानुवर्षं आपली गुरं सांभाळत आलेत आणि डोंगरातल्या वाडीवर त्यांच्याशिवाय पान हलत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. तरीही त्यांना 'पशुवैद्यक' म्हणून पाटी लावता येत नाही. कृत्रिम रेतन करणाऱ्यांचंही तेच. गाय भरवणं वेगळं, आजार ओळखून औषध देणं वेगळं.

नोंदणी नसताना पशुवैद्यक म्हणवून घेतलं किंवा नसलेल्या पदवीची अक्षरं नावापुढे लावली, तर पहिल्या वेळी दंड होतो. पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची रक्कम आजच्या मानाने अगदीच किरकोळ आहे, त्यामुळे धाक कमी.

शेतकऱ्याचं नुकसान मात्र किरकोळ नसतं. कायद्याने लागणारा पशुवैद्यकीय दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्याच सहीचा लागतो. 2022 मध्ये लंपी आला तेव्हा शासनाने दगावलेल्या दुधाळ जनावरामागे 30 हजार, ओढकामाच्या बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत ठरवली होती. अशा मदतीसाठी किंवा विम्यासाठी जनावर कशाने गेलं ते कागदावर यावं लागतं. तिथे मोटारसायकलवाल्याचा शब्द चालत नाही. शिवाय त्याने काय टोचलं, किती टोचलं हे लिहून दिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी खरा डॉक्टर आला तरी अंधारात चाचपडतो. प्रतिजैविक दिलं असेल तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हेही कोणी सांगत नाही.

म्हणून उपचाराआधी नोंदणी क्रमांक विचारा आणि औषधाची चिठ्ठी सही, क्रमांकासकट मागून घ्या. खरा पशुवैद्यक यात राग मानत नाही. शंका असेल तर वडगावच्या पंचायत समितीत पशुसंवर्धन विभागात विचारा. तक्रार लेखी द्या, पाटीचा फोटो जोडा. अडचणीच्या वेळी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन लावताना जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर जवळ असू द्या.