फाइल फिकट का दिसते?

ऑनलाइन अर्जात कागदपत्र जोडायला गेलं, तर फोटो फिकट दिसतात, दाबले तरी निवडले जात नाहीत. फोन बिघडलेला नसतो. अ‍ॅपनेच फक्त पीडीएफला मुभा दिलेली असते. (हे आधी सांगत नाहीत, हा खरा वैताग.) अँड्रॉइडमध्ये फाइल निवडण्याची ही खिडकी २०१३च्या ४.४ आवृत्तीपासून आहे. अ‍ॅप तिला ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ असा माइम प्रकार (फाइल कोणत्या प्रकारची, हे सांगणारं लेबल) कळवतं. अनेक प्रकार चालणार असतील, तर यादी देतं. ही चाळणी बहुधा नावाच्या शेवटच्या अक्षरांवर विसंबते. फोटोचं नाव बदलून शेवटी ‘.पीडीएफ’ केलं, की तोही आत शिरतो. म्हणून जाणते प्रोग्रामर सर्व्हरवर फाइलचे पहिले काही बाइट तपासतात. पीडीएफची सुरुवात ‘%पीडीएफ-’ अशी असते.