परक्या बिया, घरचा ऊस

कोकोचे झाड स्वित्झर्लंडमध्ये वाढत नाही. तरी उत्तम चॉकलेट म्हटले की त्याच देशाचे नाव ओठांवर येते. व्हेव्हे गावच्या डॅनियल पीटरने १८७५ साली कोकोत दूध मिसळण्याची युक्ती साधली. १८७९ मध्ये बर्नच्या रोडॉल्फ लिंटने चॉकलेटचा लगदा तासन्‌तास घोटून जिभेवर विरघळेल इतका मऊ केला. घरचे दूध आणि हातचे कसब यांनी परक्या बियांचे सोने झाले.

आपल्याकडे ऊस घरचाच. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात रावळगावचा साखर-उद्योग उभारला. पुढे तेथे गोळ्या होऊ लागल्या. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ ही नावे आम्हां खडोलीकर मराठी कुटुंबांनाही घरचीच वाटत आली. २०२४ मध्ये त्या गोळ्यांच्या कृती व नाममुद्रा २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेल्या.

वाचकांनी हळहळावे, हे स्वाभाविक आहे. परंतु लिंटनेही १८९९ मध्ये आपला कारखाना, कृती व नाव झुरिचच्या श्प्रुंग्ली यांना विकले होते. घेणाऱ्यांनी ते घोटणे सोडले नाही, म्हणून ते नाव आजही टिकून आहे. रावळगावची चवही नव्या हातांनी तितक्याच निगुतीने जपली, तर ती आमच्या नातवंडांच्या जिभेवरही राहील.